बोगद्यातून आलेला आवाज

२० जानेवारी २००९ ची रात्र आमच्या घरात अजूनही आठवते. इशाची नमाज झाली होती, जेवणं उरकली होती, भांडी मोरीत तशीच पडली होती आणि आम्ही सगळे एका संगणकाभोवती दाटीवाटीने बसलो होतो. समोर टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज आम्ही बंद केला होता. वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजणार होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. बराक ओबामा अमेरिकेचे ४४ वे राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेणार होते. साऱ्या जगाचे डोळे त्या पांढऱ्या पायऱ्यांवर होते. आमचे कान मात्र दुसरीकडे लागले होते. मिशिगन राज्यातल्या एका लहानशा सार्वजनिक रेडिओ केंद्रावर आमची भाची बोलणार होती.

भाची म्हणजे आमच्या आपाची थोरली मुलगी. आपा आणि दुल्हेभाई लग्नानंतर काही वर्षांनी डेट्रॉइटजवळ स्थायिक झाले. मुलगी तिथेच वाढली, कॉलेजात शिकत होती, डोक्याला ओढणी बांधून बसने जात-येत होती. तिने एक ब्लॉग सुरू केला होता. त्यात राजकारण फारसं नसे. कोणत्या गल्लीतला बर्फ चार दिवस उचलला नाही, शाळेची बस कुठे थांबायची बंद झाली, रमजानात बेकरीवाला पहाटे किती वाजता दुकान उघडतो, मशिदीबाहेर गाड्या लावण्यावरून शेजाऱ्यांशी झालेली कुरबूर कशी मिटली, असल्या गोष्टी ती लिहायची. थोडक्यात मोहल्ल्याची खबर. वाचणारे दोन-तीनशे असतील, पण ते सगळे त्याच वस्तीत राहणारे.

त्या वाचकांत जवळच्या रेडिओ केंद्रातल्या एक बाई होत्या. केंद्राने ठरवलं होतं की शपथविधीला आपल्या भागातून जाणाऱ्या काही साध्या माणसांनी तिथून फोनवर बोलावं. मोठे वार्ताहर मंचाबद्दल सांगतीलच, गर्दीबद्दल गर्दीतल्या माणसानेच सांगावं. त्या बाईंनी भाचीला विचारलं. तिने 'हो' म्हटलं आणि मग घरी सांगितलं. घरात वाद झाला तो इथूनच.

हा वाद सांगण्याआधी तिथला सार्वजनिक रेडिओ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. आपल्याकडे रेडिओ म्हटलं की आकाशवाणी डोळ्यांसमोर येते. एक संस्था आणि देशभर तिची केंद्रं. अमेरिकेत तसं नाही. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला. त्यातून १९७० मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ ही संस्था उभी राहिली आणि १९७१ पासून तिचं प्रसारण सुरू झालं. पण गावोगावची केंद्रं या संस्थेच्या मालकीची नाहीत. कुठे विद्यापीठ केंद्र चालवतं, कुठे स्थानिक लोकांचा ट्रस्ट. राष्ट्रीय बातम्या ती वरून घेतात, गावच्या बातम्या स्वतः करतात. तेव्हा काही पैसा सरकारी निधीतून यायचा, पण मोठा आधार ऐकणाऱ्यांचा. वर्षातून काही दिवस केंद्र श्रोत्यांपुढे सरळ झोळी पसरतं आणि लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देतात. जो वर्गणी देतो तो हक्काने विचारतोही, 'आमच्या भागाचं काय?' म्हणूनच आमच्या भाचीसारख्या मुलीला तिथे दार उघडं होतं.

दुल्हेभाईंना मात्र हे पसंत नव्हतं. "कशाला पुढे पुढे करायचं?" हा त्यांचा सवाल. तो भित्रेपणा होता असं आम्ही म्हणणार नाही. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर त्या देशात मुसलमान नावाच्या माणसाने कसे दिवस काढले, हे त्यांनी सोसलं होतं. विमानतळावरची वेगळी रांग, दुकानात कुणीतरी पुटपुटलेला शब्द, बैठकीत अचानक पसरलेली शांतता. आणि एक ताजी घटना त्यांच्या मनात सलत होती. १६ जून २००८ ला डेट्रॉइटमध्येच ओबामांची मोठी सभा झाली. मंचामागे, कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसतील अशा जागांवर बसायला दोन मुसलमान तरुणींना कार्यकर्त्यांनी मज्जाव केला. कारण एकच, डोक्यावरची ओढणी. पुढे प्रचार यंत्रणेने माफी मागितली, खुद्द ओबामांनी त्या दोघींना फोन केला. माफी खरी असेल, पण जखम आपल्याच गावातली होती. त्या साऱ्या निवडणुकीत 'हुसेन' हे ओबामांचं मधलं नाव विरोधकांनी शिवीसारखं वापरलं होतं. ते मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत, हे सांगता सांगता त्यांचे समर्थक दमले. पण मुसलमान असता तर बिघडलं काय असतं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवर तो विचारला, तेव्हा आपाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुल्हेभाई म्हणाले, "चौकटीतून उठवलं त्या मुलींना. तुला बोलावतायत, उद्या नको झालीस तर?"

भाची म्हणाली, "अब्बा, रेडिओला चौकट नसते. तिथे ओढणी दिसत नाही आणि लपतही नाही. माझं नाव सांगूनच मी बोलणार."

रात्री आमच्या अम्मीला फोन आला. निवाडा नानीने करावा, असं ठरलं. अम्मी तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपली एक आठवण सांगितली. ३१ जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची अंत्ययात्रा निघाली होती. गावात रेडिओ एकच, तोही पेठेतल्या दुकानात. दुकानासमोर सारा गाव उभा, हिंदू-मुसलमान सगळे. मेलव्हिल डिमेलो नावाचे निवेदक गाडीवरून सतत बोलत होते. सुमारे सात तास त्यांनी ते वर्णन केलं, हे आम्हाला पुढे वाचून कळलं. ते बोलत होते इंग्रजीत. अम्मीला त्यातला एक शब्द कळत नव्हता. "पण तो माणूस खोटं बोलत नाही, एवढं कळत होतं," अम्मी म्हणाली. मग नातीला म्हणाली, "जा. पण जे तुझ्या डोळ्यांनी बघशील तेवढंच सांग. ऐकलेलं सांगशील तर ऐकलं म्हणून सांग."

एवढी एकच अट. दुल्हेभाई गप्प बसले.

मग तयारी सुरू झाली. रेडिओ केंद्राने तिला मुठीएवढं ध्वनिमुद्रण यंत्र दिलं आणि एका संध्याकाळी शिकवणी घेतली. माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धर, लांबून घेतलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. हातमोज्याची खसखस यंत्रात शिरते, हात हलवू नकोस. प्रत्येक जागी एक मिनिट काहीही न बोलता नुसता भोवतालचा आवाज टिपून ठेव, पुढे तो उपयोगी पडतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाच्या बॅटऱ्या अंगाला लागून असलेल्या खिशात ठेव. 'भव्य', 'अविस्मरणीय' असले शब्द वापरू नकोस, त्यांनी ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. समोर काय आहे ते सांग. आम्हाला फोनवर हे सारं सांगताना ती इतकी रंगली होती की जणू आम्हालाच वॉशिंग्टनला जायचं होतं.

तिला एक तिकीटही मिळालं होतं. अशा समारंभाची तिकिटं विकत मिळत नाहीत, खासदारांच्या कार्यालयांतून फुकट वाटली जातात. त्या वर्षी सुमारे २ लाख ४० हजार तिकिटं निघाली होती. रंगावरून जागा ठरत होती. तिचं तिकीट जांभळं होतं, म्हणजे संसद भवनाच्या बरंच जवळ. आपाने ते तिकीट मुलीच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून सेफ्टी पिन लावली.

डेट्रॉइटहून रात्रभराचा बसचा प्रवास. पहाटेच्या अंधारात ती शहरात पोहोचली. थंडी अशी की भर दुपारीदेखील तापमान शून्याच्या खाली दोन अंशांवर होतं. गर्दीचा सरकारी अंदाज पुढे १८ लाखांचा निघाला. जांभळ्या तिकिटवाल्यांची रांग एका रस्त्याने वळत वळत थर्ड स्ट्रीटच्या भुयारी मार्गात शिरली होती. नॅशनल मॉल या प्रचंड मैदानाखालून जाणारा हा मोटारींचा बोगदा. त्या दिवशी मोटारी बंद आणि आत हजारो माणसं. रांग पुढे सरकेल म्हणून सगळे उभे राहिले. एक तास झाला, दोन झाले, तीन झाले. रांग सरकेना. आत ना स्वच्छतागृह, ना कुणी माहिती द्यायला. फोनला धड रेंज नाही.

ती यंत्र चालू करून फिरू लागली. कुणी गाणं म्हणत होतं आणि बोगद्याच्या भिंतींवरून ते परत येत होतं. कुणी शेंगदाणे वाटत होतं. एका बापाने मुलाला खांद्यावर घेतलं होतं आणि मुलगा दर पाच मिनिटांनी विचारत होता, अजून किती. अकरा वाजून गेले तेव्हा बातमी मागून पुढे आली की फाटक बंद झालं. तरीही रेटारेटी झाली नाही. हजारो माणसं, हातात रीतसर तिकीट, जन्मात एकदा येणारा दिवस, आणि हे सारं हातून निसटत असताना कुणी कुणाला ढकललं नाही. भाची आम्हाला नंतर म्हणाली, "मामू, त्या दिवशी मी पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच."

बोगद्यातून बाहेर पडून ती एका रस्त्याच्या कडेला आली. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दक्षिणेकडच्या एका गावाहून दोन रात्रींचा प्रवास करून आलेल्या. त्यांच्याही हातात जांभळं तिकीट होतं. मांडीवर खिशात मावेल असा ट्रान्झिस्टर होता. भोवती वीस-पंचवीस माणसं वाकून ऐकत होती. शपथ सुरू झाली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून शब्दांचा क्रम चुकला, ओबामा क्षणभर अडखळले, वाकलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्याआधीच त्या छोट्या डब्यातून पूर्ण नाव आलं होतं, बराक हुसेन ओबामा. ज्या नावाची शिवी केली गेली होती, ते नाव साऱ्या देशासमोर शपथेत उच्चारलं गेलं. आजींनी डोळे मिटले. भाचीने माइक धरलेला हात हलू दिला नाही.

पुढे भाषणात ओबामांनी आपला देश ख्रिस्ती आणि मुसलमानांचा, ज्यू आणि हिंदूंचा आणि धर्म न मानणाऱ्यांचाही आहे असं म्हटलं, आणि मुस्लिम जगाशी परस्पर सन्मानाच्या पायावर नवी वाट शोधू, असं सांगितलं. ते शब्द पुढे किती पाळले गेले, याचा हिशोब इतिहासाने मांडलेला आहे आणि तो सगळा जमेचा नाही. पण त्या क्षणी रस्त्याच्या कडेला ते शब्द कसे ऐकले गेले, हेही इतिहासातच मोडतं.

इकडे आमच्या घरात अकरा वाजून गेले. फोनचं जाळं गर्दीने गुदमरलं होतं, तिचा फोन केंद्राला लागेना. शेवटी लागला. थेट जोडण्याआधी केंद्रातल्या बाईंनी विचारलं, तुला मंच कसा दिसला, दोन मिनिटांत सांगशील ना? आता वाचकहो, क्षणभर तिच्या जागी उभे राहून बघा. वय एकवीस. पहिलीच संधी. ट्रान्झिस्टरवरून सगळं ऐकलेलं. पांढऱ्या पायऱ्या, लाल पडदे, झेंडे, हे तर कुणीही सांगू शकतं. थोडी कल्पना जोडली असती तर कोण तपासायला येणार होतं? बापाला दाखवून देण्याचीही घाई असणारच.

ती म्हणाली, "मला मंच दिसलाच नाही. मी बोगद्यात होते."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाई म्हणाल्या, "मग बोगदा सांग."

संगणकातून आधी तिचं नाव आलं, पूर्ण नाव, आणि मग तिचा आवाज. थंडीने जड झालेला, पण स्वच्छ. "मी शपथविधी पाहिला नाही," याच वाक्याने तिने सुरुवात केली. मग बोगदा सांगितला, गाणं, शेंगदाणे, खांद्यावरचा मुलगा. आजींचा ट्रान्झिस्टर सांगितला. 'मी ऐकलं' आणि 'मी पाहिलं' हे दोन शब्द तिने कुठेही एकमेकांत मिसळले नाहीत. दोन मिनिटं कधी संपली कळलं नाही. अम्मीला इंग्रजी येत नव्हतं. आम्ही तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं बोलली." आणि भांडी घासायला उठली. पंचाहत्तराव्या वर्षी, रात्री सव्वाअकराला. आम्ही तिला बसवलं.

पुढच्या दिवसांत जे बाहेर आलं ते ऐकून आम्हाला अम्मीच्या अटीचं मोल अधिकच कळलं. शपथेआधी चार नामवंत कलावंतांनी मंचावर वादन केलं होतं. जगाने ऐकला तो आवाज दोन दिवस आधी मुद्रित केलेला होता, कारण एवढ्या थंडीत वाद्यं सुरात राहत नाहीत. कॅमेऱ्यांनी दाखवलं ते सगळं जसंच्या तसं घडत होतं, असं नाही. शपथेतले शब्द मागेपुढे झाले म्हणून २१ जानेवारीच्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या एका दालनात शपथ पुन्हा घेण्यात आली. तिथे दूरचित्रवाणीचे कॅमेरे नव्हते. मोजके वार्ताहर होते आणि त्या प्रसंगाचा आवाज तेवढा मुद्रित झाला. पहिली शपथ लाखोंनी पाहिली, दुसरी फक्त ऐकता आली. त्याच दिवशी राष्ट्रीय प्रार्थनासभेत इस्लामिक सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षा इन्ग्रिड मॅटसन यांनी ओढणी घेऊन प्रार्थना म्हटली. दुल्हेभाईंनी ते दृश्य टीव्हीवर पाहिलं. काही बोलले नाहीत.

बोगद्याची गोष्ट मात्र दडून राहिली नाही. अडकलेल्या माणसांनी स्वतःच लिहिलं, छायाचित्रं टाकली, इंटरनेटवर एकमेकांना शोधून काढलं. वर्तमानपत्रांनी दखल घेतली, चौकशी झाली. सोहळ्याच्या भव्य चित्रात हजारो माणसांची एक रांग कुणालाच दिसली नव्हती. ती दिसली, कारण रांगेतली माणसं बोलली. आमची भाची त्यातली एक. केंद्राकडे तिच्यासाठी काही पत्रं आली. त्यातल्या एकात एका म्हाताऱ्या श्रोत्याने लिहिलं होतं की, 'मी पाहिला नाही' असं सांगणारा वार्ताहर मी पहिल्यांदाच ऐकला. दुल्हेभाईंनी ते पत्र घडी करून आपल्या पाकिटात ठेवलं. आपाने सांगितलं म्हणून आम्हाला कळलं.

आपल्या दीनमध्ये शहादत, म्हणजे साक्ष, या शब्दाला फार मोठं वजन आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर पडताळून घेण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणता कुणाचं तरी नुकसान होईल आणि मग पस्तावावं लागेल. आज ही ताकीद कुणाला अधिक लागू पडते? आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. भाचीला जे यंत्र केंद्राकडून मागून घ्यावं लागलं, ते आपल्या घरात दहावीतल्या मुलाकडे आहे. कुठल्यातरी गावच्या दंगलीचं, कुठल्यातरी वर्षाचं चित्र येतं आणि आपण ते न बघता दहा जणांना पुढे धाडतो. 'मी पाहिलं' आणि 'मी ऐकलं' यांतला फरक आपल्या बोटाला उरलेला नाही.

भाचीसारख्यांना जागा देणारी ती केंद्रंही आज सुखात नाहीत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेला सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला. मोठ्या शहरांतली केंद्रं श्रोत्यांच्या वर्गणीवर तगतील, लहान गावांची पंचाईत आहे. आपल्याकडे सामुदायिक रेडिओला स्वतः बातम्या देण्याची मुभा नाही. तरीही सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंगवाहिनी २००८ पासून, हरियाणात नूहजवळच्या मुस्लिमबहुल भागात 'अल्फाज-ए-मेवात' २०१२ पासून चालू आहे. तिथे गावच्याच बायाबापड्या, मुलं-मुली गावाबद्दल बोलतात. शेती, शाळा, दवाखाना, पाणी. हे लहान काम नाही.

आम्ही घरापुरती एक सवय लावून घेतली. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने मोबाईलवर दोन मिनिटं बोलायचं. शाळेत काय पाहिलं, एवढंच. 'उत्साहात साजरा झाला' हे वाक्य म्हणायचं नाही. पहिल्या वर्षी आमचा धाकटा अर्ध्या मिनिटात संपला. दुसऱ्या वर्षी त्याने सांगितलं की झेंड्याची दोरी अडकली होती, शिपाईमामा खांबावर चढले, आणि तेवढा वेळ सगळी शाळा हात कपाळाला लावून उभी होती. अम्मी तेव्हा हयात होती. तिने ते दोनदा ऐकलं.

भाची आज दोन मुलांची आई आहे, नोकरी करते, आणि वस्तीतल्या बर्फाबद्दल अजूनही लिहिते. ते जांभळं तिकीट तिने जपून ठेवलं आहे, सेफ्टी पिनेसकट. फाटकावर कुणी त्याचा कोपराही फाडला नव्हता.